विचारून सांगते

“चिवडा तिखट आहे का हो?”

मी कपबशा पुसत होतो. मान वर केली तर सोनेरी काडीचा चष्मा लावलेले एक गृहस्थ ब्रीफकेस घेऊन समोर उभे.

“नाही साहेब. कांदा नाही, लसूण नाही. मिरचीसुद्धा बेतानंच.”

“उपकार झाले. मला अल्सर आहे, आणि ज्या गावी व्हायवाला जावं तिथे चिवडा. कॅन्टीन तुमचंच का?”

“आजच्यापुरतं,” मी म्हणालो.

ते हसले आणि आत गेले. दारावरच्या शिपायानं मला खूण केली, “हेच ते. मुंबईचे गुर्जर सर.” माझ्या बायकोला पीएच.डी. मिळणार की नाही, ते हा माणूस ठरवणार होता. आणि त्याला मी कॅन्टीनवाला वाटलो होतो.

अठ्ठ्याऐंशी साल. विद्यापीठातल्या राज्यशास्त्र विभागाचा व्हरांडा. ज्याचा व्हायवा, म्हणजे पीएच.डी.ची तोंडी परीक्षा, त्याचा चहाफराळ, ही तिथली रीत. म्हणून आम्ही दोघं जयसिंगपूरहून पहिल्या एस.टी.नं डबे घेऊन आलो होतो. माझी पिठाची गिरणी. त्रिशला जवळच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची, पण तात्पुरती. दर मे महिन्यात नोकरी संपायची आणि जूनमध्ये पुन्हा मिळाली तर मिळायची. त्या जूनमध्ये जागा कायमची भरणार होते. पीएच.डी. असलेल्याला पहिला मान. आज पदवी पदरात पडली तर जागा तिची, एवढं मला कळत होतं.

बाकी तिचं शास्त्र मला फारसं कळायचं नाही. लग्न झालं तेव्हा ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. पुढचं सगळं शिक्षण गिरणीमागच्या खोलीत, पट्ट्याच्या आवाजात झालं. गिऱ्हाइकं माझी थट्टा करायची. “भूपालअण्णा, वहिनी डॉक्टर झाल्या की आमच्या गुडघ्यात सुई मारतील काय?”

“तुझ्या जिभेला मारतील,” मी म्हणायचो.

एकदा मी तिला विचारलं होतं, तुम्ही नक्की करता तरी काय? ती म्हणाली, “अहो, गाण्यात असतात तशी आमच्यातही घराणी आहेत. आमचे नेर्लेकर सर लंडनच्या घराण्यातले. त्यांचे गुरू तिथे शिकले. त्यांच्या मते राज्यशास्त्र म्हणजे घटना, कायदा, कुठल्या खुर्चीला किती अधिकार. दुसरं घराणं अमेरिकेचं. ते म्हणतात खुर्ची राहू दे, माणूस मोजा. कोण कुणाला मत देतो, का देतो. तिसरे आहेत आपले पोथीवाले. त्यांच्या मते हे सगळं आपल्या पूर्वजांनी लिहूनच ठेवलंय.”

“आणि तुझं घराणं कुठलं?”

“माझं मगदुमांचं,” ती म्हणाली आणि हसत सुटली. मगदूम म्हणजे आम्ही.

नेर्लेकर सर तिचे मार्गदर्शक. बाहेरचे परीक्षक गुर्जर अमेरिकेत शिकून आलेले. दोघांनी एकमेकांविरुद्ध इतके लेख लिहिले होते म्हणे, की परिषदेला गेले तर एका रांगेत बसत नसत.

त्रिशलानं अभ्यास मोजणाऱ्यांच्या पद्धतीनं सुरू केला. अमेरिकेत तयार झालेली प्रश्नावली मराठीत केली आणि आमच्या भागातली खेडी फिरली. प्रश्न सोपा. उद्या पंचायतीची निवडणूक झाली तर मत कुणाला? पुढे पॅनेलची नावं आणि शेवटी एक रकाना, ‘सांगता येत नाही’. पुरुष लगेच सांगायचे. बायका म्हणायच्या, “इचारून सांगतो.” आमच्याकडे खेड्यातल्या बायकाही सांगतोच म्हणतात. ही शेवटच्या रकान्यात खूण करायची आणि पुढच्या घरी जायची. पुस्तकात तसंच करायला सांगितलं होतं.

मग पंधराएक दिवसांनी, बाजारच्या दिवशी गिरणीत माणगोंडवाडीची यसाबाई आली. डोक्यावर ज्वारीचा डबा. डबा उतरवला नाही तोच म्हणाली, “मॅडम हाईत?”

त्रिशला हात पुसत बाहेर आली.

“तुमी इचारलं व्हतं न्हवं, मत कुनाला म्हनून? इचारून आलो.”

त्रिशला बघतच राहिली. “कुणाला विचारलंत?”

“म्हायारला गेल्तो तवा भावाला इचारलं. शेजारच्या खातूनला इचारलं, तिचा ल्योक सांगलीत कामाला हाय, तिला समदं ठावं असतंय. सासूला इचारलं. मालकाला शेवटाला इचारलं, न्हाईतर रुसतंय.”

दळणाला थांबलेले सगळे हसले.

“मग मालक काय म्हणाले?”

“पाटलाच्या पॅनेलला टाक म्हनलं.”

“मग तुम्ही पाटलाच्या पॅनेलला टाकणार?”

“मी न्हाई बा.”

“अहो, पण मालकांनी सांगितलं ना?”

यसाबाईनं तिच्याकडे असं बघितलं, जणू शिकलेल्या पोराला दोन अधिक दोन येत नव्हतं. “इचारलं की त्येला! आता ऐकायचं बी व्हय?”

गिरणीत हशा पिकला. एकटी त्रिशला हसली नाही. त्या दिवशी ती जेवलीही नाही. मी विचारलं तर म्हणाली, “अहो, त्या बाईच्या नावापुढे मी ‘सांगता येत नाही’ लिहून मोकळी झाले. तिच्यासारख्या सगळ्यांच्या. त्या विचार करायला गेल्या आणि मी खूण करून निघून आले.”

मग ती त्या सगळ्या बायकांकडे पुन्हा गेली. कुणाकुणाला विचारलंत, कोण काय म्हणालं, शेवटी तुम्ही काय ठरवलंत. त्यातून प्रबंधाचं पाचवं प्रकरण झालं. नेर्लेकर सरांनी ते वाचलं आणि म्हणाले, “त्रिशलाबाई, हे राज्यशास्त्र नव्हे, हा पाणवठा आहे.” पण काढा म्हणाले नाहीत. “परीक्षक गुर्जर असतील तर मी वाचवू शकणार नाही,” एवढंच बोलले. आणि परीक्षक गुर्जरच आले.

व्हायवा सगळ्यांना खुला असतो. मी किटली खाली ठेवली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. विभागातली दहाबारा माणसं होती. त्रिशला समोर उभी होती. फिकट हिरवं पातळ, हातात रुमाल घट्ट धरलेला.

गुर्जर सर बोलायला फार सभ्य. “बाई, पहिली चार प्रकरणं मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचायला देईन, इतकी स्वच्छ आहेत. पाचव्यात काय झालं? ‘सांगता येत नाही’ म्हणणाऱ्या बायकांकडे तुम्ही परत गेलात. का?”

“त्या तसं म्हणाल्या नव्हत्या, सर. विचारून सांगते म्हणाल्या होत्या. त्याला रकाना नव्हता, म्हणून मी शेजारच्या रकान्यात खूण केली.”

“जगभर तो रकाना नाही.”

“जगातल्या बायकांना मी भेटले नाही, सर.”

कुणीतरी खुसकन हसलं. गुर्जरही हसले. “बरं. ज्या पुरुषांनी लगेच उत्तर दिलं, त्यांच्याकडे परत गेलात?”

“नाही.”

“म्हणजे एकाला एकदा विचारायचं आणि दुसऱ्याला दोनदा. याला मोजमाप म्हणतात?”

“नाही, सर. ती माझी चूक आहे.”

मला बरं वाटलं नाही. परीक्षेत चूक कशाला कबूल करायची, असं मनात आलं.

मग नेर्लेकर सर खाकरले. “माझी अडचण वेगळी आहे. मत ज्याचं त्याचं. घटनेनं बाईला मत दिलंय, तिच्या भावाला आणि सासूला विचारून द्यायला दिलेलं नाही. सल्ला घेणं हा घरातला मामला. शास्त्राचा त्याच्याशी संबंध नाही.”

“आयुष्यात पहिल्यांदा नेर्लेकरांचं आणि माझं एकमत होतंय,” गुर्जर म्हणाले. सगळे हसले. नेर्लेकर सरही मिशीत हसले. दोन घराण्यांची दिलजमाई झाली, ती माझ्या बायकोच्या पाचव्या प्रकरणावर.

गुर्जरांचा आवाज मऊ झाला. “बाई, मी कठोर होऊन सांगत नाही. जी बाई नवऱ्याला विचारल्याशिवाय बोलत नाही, तिला स्वतःचं मत नाही, एवढाच याचा अर्थ. आपल्याला त्याचं वाईट वाटायला हवं. तुम्ही तर पारतंत्र्यालाच परंपरा म्हणून नटवताय.”

“विचारणं म्हणजे ऐकणं नव्हे, सर.”

“पुरावा?”

त्रिशलानं यसाबाईची हकिगत सांगितली. गुर्जरांनी शांतपणे ऐकून घेतली.

“गोष्ट गोड आहे. पण पंधरा दिवसांनी एखादी बाई गिरणीत काय म्हणाली, हा पुरावा नाही. तिनं मत कुणाला टाकलं ते तुम्हाला माहीत नाही. बाकीच्यांचं तर तुम्ही त्यांच्या घरात बसून ऐकलेलं. माझ्यासमोर काय आहे?”

रुमालाची घडी तिनं उलगडली आणि पुन्हा घातली.

“हे बघा,” गुर्जर म्हणाले, “पाचवं प्रकरण काढलंत तर मी आत्ता सही करतो. ठेवायचं असेल तर मला प्रबंध दुरुस्तीला पाठवावा लागेल. वर्ष जाईल, कदाचित जास्त. तुमच्या जूनच्या जागेचं नेर्लेकरांनी मला सांगितलंय. काय करताय?”

त्रिशला म्हणाली, “मी विचारून सांगते.”

हॉल खदखदून हसला. ती मुद्दाम म्हणाली नव्हती. तोंडातून सहज गेलं होतं. तिचे कान लाल झालेले मला मागूनही दिसले.

“विचारा, विचारा,” गुर्जर चष्मा पुसत म्हणाले. “तोवर आपण चहा घेऊ.”

मी धावत बाहेर आलो आणि कप भरायला लागलो. लोक आपापला कप घेऊन बाजूला झाले, तेव्हा ती माझ्याजवळ आली. मी तिचाही कप भरला.

“काय करू?” तिनं विचारलं.

हे ती मला रोज विचारायची. भाजी कुठली करू, आईंना डॉक्टरकडे कधी नेऊ, कुठलं पुस्तक घेऊ. मी तिच्याकडे बघितलं. डोळ्यांखाली काळं आलं होतं. सात वर्षं ती पहाटे उठून लिहीत होती. मेमध्ये नोकरी सुटली की ती दोन दिवस कुणाशी बोलायची नाही, ते मी बघितलं होतं.

“काढ,” मी म्हणालो.

“नक्की?”

“एका प्रकरणानं काय अडतंय? पदवी घे, जागा घे. ते नंतर वेगळं छाप की.”

तिनं मान हलवली. कप तसाच भरलेला खाली ठेवला आणि आत गेली. मला वाटलं, सुटलो.

मी किटली हातात घेऊनच दारात उभा राहिलो. सगळे बसले.

“विचारलंत?” गुर्जर म्हणाले.

“हो, सर.”

“कुणाला?”

“यजमानांना.”

“एवढ्यात ट्रंककॉल लागला?”

“नाही, सर. ते इथेच आहेत. दारात, किटली घेऊन उभे आहेत ते.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. गुर्जरांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. मी किटली पाठीमागे नेली, जशी काही चोरीचीच होती.

“काय म्हणाले ते?”

“काढ म्हणाले.”

“मग?”

“मी ठेवते,” त्रिशला म्हणाली.

ती पुढे बोलत राहिली, सावकाश, जशी वर्गात बोलत असेल. “दुरुस्तीला पाठवा, सर. तुमचं खरं आहे, मी बायकांना दोनदा विचारलं आणि पुरुषांना एकदा. आता पुरुषांकडेही पुन्हा जाईन. पण प्रकरण राहील. तुम्ही म्हणालात तुमच्यासमोर काय आहे. मी आहे. मला नवऱ्याला विचारल्याशिवाय उत्तर देववलं नाही, आणि उत्तर त्यांचं नाही.”

गुर्जर माझ्याकडे बघून म्हणाले, “साहेब, तुम्हाला वाईट नाही वाटलं?”

“वाटलं की,” मी म्हणालो. खरंच वाटलं होतं. “पण प्रबंध तिचा आहे.”

त्यांनी प्रबंध मिटला आणि दुरुस्तीचा शेरा लिहिला. जाताना माझ्यापाशी थांबले, कागदात थोडा चिवडा बांधून मागितला आणि म्हणाले, “सकाळी मी तुम्हाला कॅन्टीनवाले म्हणालो. तुम्ही सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही विचारलंत कॅन्टीन तुमचं का. नवरा कुणाचा ते कुठं विचारलंत?”

ते मोठ्यानं हसले. पण सही काही केली नाही.

परतीच्या एस.टी.त आम्ही डबे पायांत घेऊन बसलो. अर्ध्या वाटेपर्यंत मी तिकिटाची घडी घालत राहिलो. मग राहवेना.

“ऐकायचंच नव्हतं तर मला विचारलंस कशाला?”

“रागावलात?”

“रागावलो नाही. विचारतोय.”

ती खिडकीतून उसाचे फड बघत होती. “आत होते तेव्हा मला खरंच कळत नव्हतं. काढलं काय, ठेवलं काय, दोन्ही सारखंच वाटत होतं. तुम्ही काढ म्हणालात आणि मला डोक्यावर डबा घेऊन आलेली यसाबाई दिसली. तेव्हा कळलं, आपल्याला ते हवंय.”

“आणि मी ठेव म्हणालो असतो तर?”

“तर वाट लागली असती.” ती हसली. “ठेवलं असतं, आणि जागा गेली की जन्मभर तुम्हाला बोल लावला असता.”

“म्हणजे मी चुकीचं सांगितलं ते बरं झालं?”

“तुम्ही चुकीचं नाही सांगितलंत. माझ्यासाठी सांगितलंत. तसं सांगणारं माणूस असलं की ठरवता येतं.” एवढं बोलून तिनं माझ्या खांद्यावर मान टाकली आणि जयसिंगपूर येईपर्यंत झोपली. माझा हात बधिर झाला, पण मी हलवला नाही.

जूनची जागा गेली. बाहेरून आलेल्या एका पोराला मिळाली. त्रिशला पुन्हा खेडी फिरली. पुरुषांना दुसऱ्यांदा विचारलं, तर कितीतरी जणांचं उत्तर बदललेलं. खोदून विचारल्यावर कळलं, मधल्या काळात तेही कुणाकुणाला विचारून आले होते. कुणी बायकोला, कुणी आईला. पहिल्यांदा छाती काढून उत्तर दिलं होतं इतकंच. गुर्जर सर पुन्हा आले, ते वाचून खूप वेळ हसत होते, आणि त्यांनी सही केली. त्या प्रकरणाखाली मात्र लिहिलं, ‘मी सहमत नाही.’ त्रिशलाला ते फार आवडलं. पुढे लांबच्या कॉलेजात तिला जागा मिळाली. निवृत्त होईपर्यंत ती एस.टी.नं जात-येत राहिली.

गेल्या वर्षी सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, त्रिशलाचा कॅन्सर पुन्हा वर आलाय. औषधाचा आणखी एक कोर्स देता येईल, गुण येईल असं सांगता येत नाही. विचार करा, मी राउंड घेऊन येतो.

ते गेल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं.

“काय करू?”

इतक्या वर्षांनी मला तिची रीत माहीत झाली होती. मी काय म्हणतो त्यावरून ती काय करील हे कळणार नव्हतं, पण तिला ते लागणार होतं. खोटं सांगून चालणार नव्हतं. माझ्या मनात जे होतं तेच तिला द्यायला हवं होतं.

“घे,” मी म्हणालो. “आणखी एकदा घे.”

“का?”

“मला तू पाहिजेस.”

तिनं माझा हात हातात घेतला. त्यावरून अंगठा फिरवत राहिली. बाहेर कुणाचं तरी बाळ रडत होतं, ते थांबलं.

“नको,” ती म्हणाली. “घरी जाऊ.”

मी उठून तिची पातळं पिशवीत भरायला घेतली. नीट घडी होत नव्हती. डॉक्टर आले, पोरसवदाच होते. पलंगाजवळ न जाता माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, “काका, काय ठरवलंत मग?”

“मला सांगायचं होतं ते मी सांगितलं,” मी म्हणालो. “ठरवलंय तिनं. तिला विचारा.”